मनासाठी पुस्तक निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालयातल्या मानसिक आरोग्याच्या कपाटाशी उभं राहून आणि ईमेलवर लोक जे पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. मी समुपदेशक आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. त्यामुळे औषधांबद्दल इथे जे आहे ते 'डॉक्टरांना काय विचारा' इतपतच आहे.

जीव नकोसा झाला असेल किंवा स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर हे पान नंतर वाचा. आधी १४४१६ ला फोन लावा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. फोन लागेपर्यंत घरातल्या कुणाला तरी शेजारी बसायला सांगा.

१. दुकानात सेल्फ-हेल्प म्हणून सगळंच एका कपाटात ठेवलेलं असतं. मनाच्या त्रासासाठी त्यातलं नेमकं कोणतं घ्यायचं?

त्या कपाटात चार जातींची पुस्तकं खांद्याला खांदा लावून उभी असतात. पहिली यशाची : पहाटे उठा, श्रीमंत व्हा, लोकांवर छाप पाडा. सॅम्युअल स्माइल्स यांच्या १८५९ च्या 'सेल्फ-हेल्प'पासून ही परंपरा चालत आली आहे. नैराश्याशी किंवा चिंतेशी तिचा संबंध बेताचाच. दुसरी माहितीची : आजार काय असतो, तो का होतो, उपचार कोणते. तिसरी अनुभवाची, म्हणजे आजारातून गेलेल्याने किंवा त्याच्या घरच्यांनी लिहिलेली. चौथी तंत्राची. एखादी उपचारपद्धती घरच्या घरी टप्प्याटप्प्याने कशी वापरायची ते ही पुस्तकं शिकवतात, त्यांत तक्ते असतात, गृहपाठ असतो.

त्रास कमी करायचा असेल तर चौथी जात. घरात कुणाचं नवं निदान झालं असेल तर दुसरी. 'असं फक्त मलाच होतं' हे मनातून जायला हवं असेल तर तिसरी. पहिल्या जातीतली पुस्तकं वाईट नसतात, पण रात्र-रात्र झोप नसलेल्या माणसाच्या हाती पहाटे उठण्याचं पुस्तक दिलं की तो आणखी खचतो.

२. पुस्तक वाचून खरंच बरं वाटतं, की नुसतं मनाचं समाधान?

बरं वाटू शकतं, पण सगळ्यांना नाही आणि कुठल्याही पुस्तकाने नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड बर्न्स यांचं 'फीलिंग गुड' १९८० साली आलं. अलाबामा विद्यापीठातल्या फॉरेस्ट स्कॉगिन यांनी ते नैराश्य असलेल्या लोकांना वाचायला दिलं आणि त्यांची तुलना उपचारासाठी थांबून राहिलेल्यांशी केली. सौम्य ते मध्यम नैराश्य होतं त्यांच्यात वाचणाऱ्यांची लक्षणं स्पष्टपणे कमी झाली. त्यातला एक तपशील सहसा कुणी सांगत नाही : या वाचकांना दर आठवड्याला एक छोटा फोन जायचा, कुठवर आलात एवढं विचारणारा.

तो फोन महत्त्वाचा. मागे कुणी विचारणारं असलं तर पुस्तकाचा उपयोग वाढतो, हे त्यानंतरच्या अभ्यासांतही दिसत राहिलं. इंग्लंडमध्ये २०१३ पासून तज्ज्ञांनी निवडलेल्या पुस्तकांची यादी सार्वजनिक वाचनालयांत ठेवली जाते आणि डॉक्टर रुग्णाला त्यातलं पुस्तक सुचवतात. आपल्याकडे अशी व्यवस्था नाही. म्हणून बहीण, मित्र, समुपदेशक असं कुणीतरी ठरवून घ्या आणि त्यांना सांगा, 'दर रविवारी मला विचार, काय केलं म्हणून.'

३. मला नक्की काय होतंय तेच कळत नाही. मग पुस्तक कसं निवडू?

मग आज निवडू नका. दोन आठवडे एका वहीत रोज चार गोष्टी लिहा : झोप किती झाली, जेवण कसं होतं, दिवसातला सर्वांत वाईट तास कोणता, आणि त्या तासात काय चाललं होतं. अनेकांना या नोंदींतूनच धागा सापडतो. त्रास रविवारी संध्याकाळी वाढत असेल तर पुस्तक कामाच्या ताणाचं लागेल. गर्दीत वाढत असेल तर चिंतेचं.

जोडीला नैराश्य किती आहे ते मोजणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरा. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, गुण ० ते २७, आणि ती मराठीतही मिळते. गुण १० किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टरांना दाखवा. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर बेरीज कितीही असो, डॉक्टरांकडे जाच. थायरॉइड, रक्तातलं लोह आणि बी-१२ तपासून घ्यायलाही हरकत नाही. थकवा, उदासी, विसरभोळेपणा यांचं मूळ कधीकधी तिथे निघतं, आणि त्यावर कुठल्याच पुस्तकाचा उपाय नाही.

४. दुकानात उभ्याउभ्या दहा मिनिटांत पुस्तक पारखायचं कसं?

मागच्या कव्हरवरचा मजकूर सोडून द्या, तिथे प्रकाशक बोलत असतो. अनुक्रमणिका उघडा. तुमचा त्रास तिथे नावाने आहे का? पॅनिक अटॅक, निद्रानाश, मंत्रचळ (ओसीडी), बाळंतपणानंतरचं नैराश्य असं काहीतरी नेमकं? मनाच्या सगळ्या समस्या एका पुस्तकात सोडवणारे लेखक कुठल्याच समस्येपाशी पुरेसे थांबत नाहीत.

मग मधलंच एखादं पान काढा आणि तिथे तुम्हाला काय करायला सांगितलंय ते बघा. समजा विषय लिफ्टच्या भीतीचा आहे. एका पुस्तकात असेल : 'भीती हा भ्रम आहे, तिला मनातून हद्दपार करा.' दुसऱ्यात असेल : 'आज लिफ्टमध्ये शिरू नका. दारासमोर उभे राहा. भीती ० ते १०० मध्ये किती आहे ते लिहा. ती बरीच उतरेपर्यंत तिथून हलू नका, मग किती वेळ लागला ते लिहा. उद्या पुन्हा हेच. दारासमोर सहज उभं राहता आलं की सोबतीला कुणी घेऊन एकच मजला.' दुसरं पुस्तक घ्या. उद्या सकाळी काय करायचं, ते जमलं की नाही हे कसं ओळखायचं आणि नाही जमलं तर काय, या तिन्हींची उत्तरं एकाच पानावर देणारा लेखक बहुधा माणसांसोबत काम केलेला असतो.

तिसरी गोष्ट : हे पुस्तक पुरेसं नाही हे कधी समजायचं आणि डॉक्टरांकडे कधी जायचं, ते लिहिलंय का? जबाबदार लेखक ते लिहितोच, बहुतेक वेळा पहिल्या प्रकरणात.

ठेवून द्यायची पुस्तकंही पटकन ओळखू येतात. 'एकवीस दिवसांत नैराश्यमुक्त' असं वचन. गोळ्या म्हणजे विष असा सूर. आजार हा तुमच्याच नकारात्मकतेचा परिणाम आहे असा आळ. आणि दर दोन प्रकरणांनंतर लेखकाच्या शिबिराचा फोन नंबर.

५. लेखकाच्या नावामागे 'डॉ.' आहे. एवढं पुरेसं नाही का?

नाही. ते 'डॉ.' हृदयरोगतज्ज्ञाचं असेल, मराठी साहित्यातल्या पीएचडीचं असेल किंवा कुठल्यातरी मानद पदवीचं. आतल्या पानावरचा परिचय वाचा. मानसोपचारतज्ज्ञाकडे एमबीबीएसनंतरची मनोविकारशास्त्राची पदवी किंवा पदविका असते (एमडी, डीपीएम, डीएनबी) आणि वैद्यकीय परिषदेची नोंदणी असते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक, लाइफ कोच, माइंड ट्रेनर या पाट्या मात्र कुणीही लावलेल्या दिसतात. त्यांच्यातले काही उत्तम काम करतात, पण पाटीवरून ते कळत नाही.

अनुभव सांगणाऱ्या पुस्तकाला हा निकष लावू नका. तिथे लेखकाला पदवी लागत नाही. त्याने स्वतःचा अनुभव सर्वांचा नियम म्हणून मांडलेला नाही ना, एवढं बघा.

६. मराठीत या विषयावर चांगलं काही आहे का? सगळं इंग्रजीतच दिसतं.

माहितीच्या बाबतीत मराठी वाचक बऱ्यापैकी नशीबवान आहे. अच्युत गोडबोले आणि नीलांबरी जोशी यांचं 'मनकल्लोळ' दोन भागांत आहे आणि त्यात बहुतेक मनोविकार येतात. मात्र ते सलग वाचू नका. प्रत्येक प्रकरणातली लक्षणं स्वतःत दिसायला लागतात. हवं ते प्रकरण वाचून बंद करा.

विचारांशी दोन हात करण्याच्या तंत्रांची मराठीत वेगळी परंपरा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्यासाठी १९९० पासून काम करणाऱ्या संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी त्याच वाटेने लिहीत-बोलत आले आहेत. संस्थेच्या 'आवाहन' या यूट्यूब वाहिनीवर मराठीत भरपूर साहित्य आहे. वाचन जड जात असेल तर तिथून सुरुवात करा.

तक्ते-गृहपाठ असलेली कार्यपुस्तकं मात्र मराठीत थोडी आहेत, हे मान्य करायला हवं. तिथे इंग्रजीकडे किंवा अनुवादाकडे वळावं लागतं (प्रश्न ७). फुकट आणि भरवशाचं काही हवं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ताणतणावावर काढलेली सचित्र पुस्तिका त्यांच्या संकेतस्थळावर अनेक भाषांत आहे, सरावाच्या ध्वनिफितींसकट. हिच्याच धर्तीचा गटाने करायचा कार्यक्रम युगांडातल्या छावण्यांत दक्षिण सुदानी निर्वासित स्त्रियांवर तपासला गेला आणि त्यांचा मानसिक त्रास कमी झाला. चित्रं जास्त, मजकूर कमी. एकेका तंत्राला एकेक छोटा भाग.

७. अनुवाद घ्यावा की मूळ इंग्रजी?

रडताना ज्या भाषेत विचार येतात त्या भाषेतलं घ्या. तंत्राचं पुस्तक वाचायचं असतं ते स्वतःच्या मनातली वाक्यं पकडण्यासाठी, आणि ती बहुतेकांची मराठीत असतात.

मात्र अनुवाद संक्षिप्त तर नाही ना, हे तपासा. पानं वाचवायला पहिली कात्री तक्त्यांवर चालते, आणि तक्ते गेले की पुस्तकाचा कणाच गेला. शक्य असेल तर दोन्ही पुस्तकांची अनुक्रमणिका समोरासमोर ठेवा. शेवटच्या पानावर अमेरिकेतला हेल्पलाइन नंबर तसाच छापलेला असेल, तर इथल्या वाचकाचा विचार कितपत झालाय ते समजा.

दुसरी अडचण उदाहरणांची. 'आठवडाभर आईवडिलांशी संपर्क ठेवू नका' हा सल्ला वन-बीएचकेमध्ये सासूसासऱ्यांसोबत राहणाऱ्या सुनेच्या काय कामाचा? अशा वेळी तंत्र घ्या आणि उदाहरण बदला. संपर्क तोडायचा नसतो, अंतर मिळवायचं असतं. संध्याकाळी खाली सोसायटीत अर्धा तास एकटीने फिरून येणं हेसुद्धा त्याच सदरात मोडतं.

८. सकारात्मक विचारांची पुस्तकं वाचून मला आणखीच वाईट वाटतं. माझ्यातच काही खोट आहे का?

नाही. हे होतं, आणि ते प्रयोगात दिसलेलं आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांचा २००९ चा अभ्यास आहे. लोकांना मनातले विचार लिहायला बसवलं आणि काहींना सांगितलं की घंटी वाजली की 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं स्वतःशी म्हणा. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचं वाईट होतं, म्हणजे ज्यांच्यासाठी ही पुस्तकं लिहिली जातात, त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं.

कारण अवघड नाही. 'मी यशस्वी आहे' म्हटलं की मन लगेच विरुद्ध पक्षाचे पुरावे मांडायला बसतं : दहावीचे मार्क, मोडलेलं लग्न, थकलेला हप्ता. न पटणाऱ्या वाक्याच्या जागी पटेल असं वाक्य लागतं. 'आज मी आंघोळ केली आणि आईचा फोन उचलला' हे कुणी खोडून काढू शकत नाही. पुस्तक असं लहान आणि खरं वाक्य शोधायला शिकवत असेल तर ठेवा. आरशासमोर उभं राहून घोषणा द्यायला लावत असेल तर परत करा. दुकानदार पैसे देणार नाही, पण बदली पुस्तक कदाचित देईल.

९. मी ढीगभर पुस्तकं वाचली. वाचताना सगळं पटतं, नंतर जैसे थे. आता कोणतं वाचू?

नवीन कोणतंच नाही. घरातलंच एक काढा, ज्यात गृहपाठ आहे आणि जो तुम्ही 'नंतर करू' म्हणून सोडलात. पहिल्या प्रकरणातला सराव पूर्ण झाल्याशिवाय दुसरं प्रकरण उघडू नका.

सराव म्हणजे किती बारीक, ते बघा. एका वाचकाच्या वहीतल्यासारखी नोंद, तपशील बदलून :

सोमवार, सकाळी ११. साहेबांना मेल टाकला. तीन वाजले तरी उत्तर नाही. मनातलं वाक्य : 'माझं काहीतरी चुकलंय, आता काढून टाकतील.' यावर विश्वास ८५. चिंता ९०, पोटात गोळा. बाजूचा पुरावा : मागच्या महिन्यात एका अहवालावरून बोलले होते. विरुद्ध पुरावा : सोमवारी त्यांची दिवसभर मीटिंग असते, मागच्या दोन मेलना संध्याकाळीच उत्तर आलं होतं, आणि शुक्रवारी नवीन काम त्यांनीच दिलं. आता पटणारं वाक्य : 'उशीर नेहमीचाच आहे. चूक असेल तर सांगतील आणि ती दुरुस्त करता येईल.' विश्वास ६०. चिंता ५०.

चिंता शून्यावर आली नाही, आणि यायचीही नव्हती. ९० वरून ५० वर आली आणि दुपारचं काम झालं. अशा नोंदी पाठोपाठ जमल्या की तेच वाक्य वेगवेगळ्या कपड्यांत परत येताना दिसतं. नुसतं वाचून ते दिसत नाही, लिहावंच लागतं. वाचनालयाच्या पुस्तकात मात्र पेन लावू नका, वेगळी दोनशे पानी वही घ्या.

१०. दोन पानंसुद्धा वाचून होत नाहीत. तीच ओळ पुन्हापुन्हा वाचतो. मग पुस्तकाचा काय उपयोग?

एकाग्रता जाणं हे नैराश्याचंच लक्षण आहे, आळस नव्हे. अशा वेळी विचारांचं पुस्तक बाजूला ठेवा आणि कृतीवर भर देणारं बघा. नैराश्यात माणूस 'वाटेल तेव्हा करीन' म्हणून थांबतो. ही पद्धत उलटी आहे : आधी छोटी गोष्ट ठरल्या वेळी करायची, वाटणं मागून येतं. उद्या साडेसातला गॅलरीतल्या झाडांना पाणी. परवा शेजारच्या काकांसोबत कोपऱ्यापर्यंत. केलं की बरोबरची खूण आणि मूड दहापैकी किती.

ही पद्धत आपल्या जवळच, गोव्यात तपासली गेली आहे. 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या लोकांसाठी सहा ते आठ बैठकींचा कार्यक्रम आखला. तो देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. तरीही नेहमीच्या उपचारांत ही भर पडल्यावर जास्त लोक बरे झाले. त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले आहेत.

ऑडिओ पुस्तकंही चालतात, पण गृहपाठाच्या जागी थांबवता आलं पाहिजे. आणि दोन पानंही होत नाहीत अशी अवस्था दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर प्रश्न ३ मधली प्रश्नावली भरून डॉक्टरांकडे जा.

११. आमच्या घरी मनाचे श्लोक, ज्ञानेश्वरी रोज वाचतात. आजी म्हणते, यापलीकडे कुठलं पुस्तक लागतं?

आजीला बरं वाटत असेल तर ते खरंच आहे. समर्थांचे २०५ श्लोक मनालाच समोर बसवून बोलतात, रोजच्या एका वेळेला लय मिळते, पाठांतराने भरकटणारं डोकं थोडं जागेवर येतं. ते सोडायला सांगणारा समुपदेशक मला तरी शहाणा वाटत नाही.

पण मंत्रचळाने दिवसातून चाळीसदा हात धुणाऱ्या मुलाला 'नामस्मरण वाढव' म्हटलं की नाम हाही धुण्याचाच एक प्रकार होऊन बसतो. एकदा चुकलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून. आणि उपासना करूनही बरं वाटत नाही याचा अर्थ श्रद्धा कमी पडली असा घरात काढला जाऊ लागला, तर आजारावर अपराधीपणाचा थर चढतो. दोन्ही चालू द्या : पोथी आजीजवळ, वही तुमच्याजवळ.

१२. ध्यानाचं पुस्तक आणून एकट्यानेच सुरू करू का?

सौम्य ताण असेल तर करा, दहा मिनिटांपासून. पूर्वी भास झाले असतील, उन्मादाचा झटका येऊन गेला असेल किंवा मोठा आघात झाला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तासन्‌तास डोळे मिटून बसू नका. काहींचा त्रास त्याने उसळतो. इगतपुरीच्या विपश्यना परंपरेतही दहा दिवसांचं शिबिर गंभीर मनोविकार असलेल्यांसाठी नाही, असं नियमांतच सांगितलेलं आहे.

१३. पुस्तकात लिहिलंय की गोळ्यांची सवय लागते. मी बंद करू का?

पुस्तक बंद करा, गोळ्या नाही. नैराश्यावरच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं, अंगात विजेसारखे झटके असं होऊ शकतं. मग माणसाला वाटतं, 'बघा, सवय लागलीच होती.' म्हणून त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू कमी करतात. काही गोळ्यांची, विशेषतः झोपेसाठी आणि तातडीच्या चिंतेसाठी दिलेल्या काहींची, सवय लागू शकते हे खरं आहे. तुमच्या चिठ्ठीतली गोळी त्यातली आहे का, हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारा. औषध आणि तंत्राचं पुस्तक एकत्र चालतं. गोळीने झोप लागायला लागली की वही उघडायचं बळ येतं.

१४. भावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याला कोणतं पुस्तक देऊ?

आत्ता त्याला नको, तुम्हाला घ्या. भास आणि ठाम संशय चालू असताना 'तुझे विचार तपास' हे पुस्तक त्याला तुमच्याच बाजूचं कारस्थान वाटू शकतं. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजारात औषधाचा आधार लागतो. पुस्तक त्याच्या जागी येत नाही.

तुम्हाला हवं आहे ते : वाद न घालता कसं बोलायचं, गोळ्यांची आठवण कशी द्यायची, पुन्हा बिघडतंय याच्या खुणा कोणत्या आणि स्वतः कसं टिकायचं. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काळजीवाहू नातेवाइकांसाठी काम करते. एका दुपारी तिथल्या लोकांशी बोलणं पुष्कळ पुस्तकांहून कामाला येईल. वाचायची ताकद उरली नसेल तर २००४ चा 'देवराई' हा मराठी चित्रपट बघा. तो जितका आजारी भावाचा आहे तितकाच त्याला सांभाळणाऱ्या बहिणीचा आहे.

१५. मला ओसीडी आहे आणि मी ओसीडीबद्दलच दिवसभर वाचत असतो. हे चांगलं ना?

बहुधा नाही. 'मला नक्की ओसीडीच आहे ना, वेडा तर होणार नाही ना' याची खात्री करायला तेच पान परत उघडत असाल, तर वाचणं हेच आता हात धुण्यासारखं झालंय. खात्री मिळते, अर्धा तास बरं वाटतं, शंका परत येते. भीतीला सामोरं जायचं आणि खात्री करून घ्यायची कृती थांबवायची, ही पद्धत शिकवणारं एकच पुस्तक ठेवा. दिवसातली वीस मिनिटं ठरवा आणि त्या वेळेत वाचायचं नाही, सराव करायचा. हा सराव चिकित्सा मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली लवकर जमतो.

१६. लहानपणी झालेल्या अत्याचारावरचं पुस्तक वाचायला घेतलं आणि रात्री झोप उडाली. तसंच रेटू का?

रेटू नका. आघातावरच्या चांगल्या पुस्तकात सुरुवातीची प्रकरणं स्वतःला शांत करण्याची असतात : पाय जमिनीवर टेकवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या, श्वास लांबवा. ती जमल्यावरच आठवणींकडे जायचं. पुस्तक पहिल्याच पानावर 'तो प्रसंग सविस्तर लिहा' म्हणत असेल तर ते एकट्याने करायचं काम नाही. वाचायचंच असेल तर दिवसा, घरात कुणी असताना, आणि वाचून झाल्यावर लगेच काय करणार ते आधी ठरवून.

१७. नवऱ्याला राग आवरत नाही. त्याच्या उशाशी पुस्तक ठेवू का?

उशाशी ठेवलेलं पुस्तक म्हणजे न बोललेला टोमणा. तो ते वाचणार नाही आणि भांडणाला एक विषय वाढेल. आधी तुम्ही वाचा, मग शांत वेळी त्यातलं एक उदाहरण सांगा आणि विचारा, 'असं तुम्हाला होतं का हो?' हो म्हणाले तर पुस्तक टेबलावर राहू द्या. मात्र राग हात उगारण्यापर्यंत जात असेल तर हा पुस्तकाचा विषय राहत नाही. महिलांसाठीचा १८१ हा नंबर मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

१८. बाबांच्या कपाटात मानसशास्त्राची जुनी पुस्तकं आहेत. चालतील का?

तंत्र जुनं झालं म्हणून बिघडत नाही. बर्न्स आणि एलिस दोघेही जुनेच. तपासायला दोन जागा पुरतात. समलैंगिकतेबद्दल काय लिहिलंय? अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९७३ सालीच तिला आजारांच्या यादीतून काढलं, आणि तिच्यावर 'उपचार' करणं हे भारतात २०२२ पासून डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरलंय. पुस्तक अजून उपाय सुचवत असेल तर रद्दीत टाका. दुसरं, आत्महत्येच्या प्रयत्नाकडे गुन्हा म्हणून बघतं का? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला शिक्षेऐवजी मदत द्यायची असं ठरवलं आहे. शिक्षेच्या भीतीने घरचे लोक दवाखान्यात जायचं टाळतात, म्हणून ती जुनी माहिती घातक आहे.

१९. एका पुस्तकाला किती दिवस द्यायचे?

सराव खरोखर करत असाल तर सहा आठवडे. दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९ चे गुण वहीत लिहा. उतरत असतील तर चालू ठेवा. तिथेच असतील तर पुस्तक बदलण्याआधी माणूस शोधा. वाढत असतील तर सहा आठवडे थांबू नका. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. तिथे बाह्यरुग्ण म्हणून दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं, दाखल व्हावंच लागतं असं नाही.

२०. डॉक्टरांकडे जाताना पुस्तक सोबत नेलं तर त्यांना राग येईल का?

काहींना येतो, पण वही पाहून सहसा कुणाला येत नाही. सरकारी ओपीडीत तुमच्या वाट्याला काही मिनिटंच येतात. त्यामुळे पुस्तकाची पानं उलटत बसू नका. एका कागदावर लिहून न्या : त्रास कधीपासून, कोणत्या गोळ्या चालू आहेत, प्रश्नावलीचे गेल्या सहा आठवड्यांतले गुण, पुस्तकातला कोणता सराव केला, कोणता जमला नाही. आणि विचारायचे दोन प्रश्न, जास्त नाहीत. कागद त्यांच्या हातात द्या, वाचून होईपर्यंत गप्प बसा.